बाहेर तोंड केलेली पाखरं

ही गोष्ट नेमकी कधी घडली ते आता कुणाला सांगता यायचं नाही. फार जुनी आहे, एवढं मात्र खरं. तेव्हा एका राज्यात नगरातली माणसं सपाटीवर राहत आणि डोंगरातली माणसं वर रानात राहत. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नव्हतं. ना बाजार एक, ना जत्रा एक.

राणीला हे सलत होतं. तिने वेशीजवळ एक मोठी धर्मशाळा बांधली आणि डोंगरातल्या लोकांना बाजाराचं निमंत्रण धाडलं. मग तिने नगरातल्या चितारणीला बोलावून घेतलं. ही चितारीण वयाने तरुण होती, पण तिच्या हाताची ख्याती दूरवर पोचलेली होती.

राणी म्हणाली, "पाहुण्यांना इथे परकं वाटता कामा नये. भिंतींवर त्यांच्याकडची चित्रं काढ."

चितारीण डोंगरात गेली आणि आठ दिवस पाडे हिंडली. कुणी तिला हटकलं नाही, कुणी घरात बोलावलंही नाही. तिनेही कुणाला काही विचारलं नाही. तिला चित्रं हवी होती आणि ती तर भिंतींवर होतीच. गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली हरणं, झाडं, फेर धरलेली माणसं. बघता बघता तिला तहानभुकेचा विसर पडायचा.

सगळ्यांत देखणं चित्र तिला एका आडबाजूच्या घरावर दिसलं. दाराच्या चौकटीभोवती पांढऱ्या पाखरांची रांग होती आणि सगळ्यांच्या चोची बाहेरच्या बाजूला. दार बंद होतं. चितारणीने ठिपकान्‌ ठिपका कागदावर उतरवला आणि ती खाली आली.

महिनाभर खपून तिने धर्मशाळा बाहेरून रंगवली. धर्मशाळेला बारा दारं होती. बाराही दारांभोवती तिने पाखरं काढली. राणी पाहायला आली आणि कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली.

बाजाराच्या दिवशी सकाळी डोंगरातली माणसं उतरून आली. कुणाच्या डोक्यावर मधाची मडकी, कुणाच्या पाठीवर बांबूच्या टोपल्या, कडेवर लेकरं. अंगणात पाऊल टाकलं आणि पुढची माणसं थबकली. त्यांनी दारांकडे पाहिलं आणि मागच्यांना हळूच काहीतरी सांगितलं. आयांनी लेकरांच्या नाकातोंडावर पदर धरले. मग सगळा घोळका माघारी वळला आणि ओढ्यापलीकडे भर उन्हात जाऊन बसला.

चितारणीला काही कळेना. तिने कागद काढून भिंतीशी ताडून पाहिला. पाखरांची संख्या तीच, माना तशाच, ठिपकेही तेवढेच. चित्र चुकलं असेल, तर कुठे चुकलं? आणि बरोबर असेल, तर माणसं गेली का?

शिपायांचा नाईक म्हणाला, "हा उघड अपमान आहे. हाकलून द्या त्यांना."

एक व्यापारी म्हणाला, "त्यांना यायचंच नव्हतं." आणि तो दुकान आवरायला लागला.

राणी म्हणाली, "आज ते गेले तर पुन्हा येणार नाहीत. पण ते का गेले, हे तरी कुणाला ठाऊक आहे का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. चितारणीने कागद घेतला आणि ती ओढा ओलांडून गेली. तिला पाहून माणसं बाजूला सरकली. एक म्हातारी तेवढी जागची हलली नाही. चितारीण तिच्यासमोर बसली.

"आजी, माझ्या चित्रात काय चुकलं?"

म्हातारीने कागद निरखला. "काही चुकलं नाही. अगदी बरोबर काढलंयस."

चितारीण आणखीच गोंधळली. "मग तुम्ही आत का येत नाही?"

"बरोबर काढलंयस म्हणूनच," म्हातारी म्हणाली. "किती जण पडलेत आत? बाराही खोल्यांत आहेत का?"

"कोण पडलेत?"

"आजारी माणसं."

"आत तर कुणीच नाही, आजी."

आता म्हातारी गोंधळली. तिने कागदावरच्या पाखरांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पोरी, घरात पसरणारा आजार शिरला की आम्ही दारावर ही पाखरं काढतो. आत येऊ नका, माघारी जा, असं सांगतात ती."

चितारणीचा चेहरा उतरला. ज्यांना बोलवायचं होतं, त्यांना तिने बारा वेळा माघारी जायला सांगितलं होतं, तेही त्यांच्याच भाषेत.

"मी कुणाला विचारलंच नाही," ती म्हणाली.

"आम्ही तरी कुठे तुला बस म्हटलं," म्हातारी म्हणाली.

"मग 'या' म्हणायला तुम्ही काय काढता?"

"त्याला चित्र कशाला लागतं? दार उघडं ठेवतो."

चितारीण परत आली. तिने राणीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग स्वतःच्या हाताने बाराही चौकटींवर चुना फासला आणि दारं सताड उघडली. म्हातारी एकटीच आधी आत गेली. तिने एकेक खोली, एकेक कोपरा पाहिला, आणि बाहेर येऊन आपल्या माणसांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. डोंगरातल्या बायकांनी आतल्या कोऱ्या भिंती पाहिल्या आणि पीठ कालवायला घेतलं. चितारीण त्यांना रंग घोटून देत होती आणि प्रत्येक रेघेचा अर्थ विचारत होती.

"आणि आजी, हे तीन ठिपके?"

"ते होय? तिथे जागा मोकळी दिसत होती."

चितारीण पुन्हा बुचकळ्यात पडली, पण या वेळी तिला हसू आलं. तिने त्या ठिपक्यांशेजारी चौथा ठिपका काढू का म्हणून विचारलं. म्हातारीने जरा विचार केला आणि बोटाने जागा दाखवली.

पुढे त्या भिंतींवर दरसाल दोन्हीकडचे हात फिरू लागले. आणि बाजार त्यानंतर कधी मोडला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या भिंतीवरची रेघ डोळ्यांना दिसते, पण तिचा अर्थ त्या घरच्या माणसालाच विचारावा लागतो.