रिकामी मोजणी

एकदा एका विणकरांच्या शहरातले एक साडी-व्यापारी तोंड एवढंसं करून एका वृद्ध गुरुजींकडे आले. जुने संगणक पुन्हा चालते करण्यात गुरुजींचा हात धरणारे त्या भागात दुसरे कोणी नव्हते. शेजारी त्यांची शिष्या बसली होती. ती नुकतीच अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती आणि ही गोष्ट ती सहसा कोणाला विसरू देत नसे.

"गुरुजी, आमचा तीस वर्षांचा संगणक काल कायमचा बसला," व्यापारी म्हणाले. "मागावर नक्षी उठवायला पुठ्ठ्यांना भोकं पाडावी लागतात, ती पाडणारं यंत्र त्याच्यावरच चालायचं. माझ्या थोरल्या बहिणीने रेखाटलेले एकशे चाळीस काठ त्यात आहेत. कागदावर एकही नाही. ताई आता राहिली नाही. काठही गेले, तर ती दुसऱ्यांदा गेली असं होईल हो!"

गुरुजींनी जुनी डिस्क शाबूत असल्याची खात्री केली आणि काम शिष्येवर सोपवले.

शिष्येने झपाटा लावला. नव्याकोऱ्या संगणकाच्या पोटात तिने जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग उभे केले. बिचारा जुना प्रोग्रॅम फसला आणि आपण आपल्याच घरी आहोत असे समजून सुरू झाला. पडद्यावर ताईंचे काठ उमटले, तेव्हा व्यापाऱ्यांचे डोळे भरून आले. पण यंत्राला तार जोडताच पहिला पुठ्ठा फाटून बाहेर आला. दुसऱ्याचीही तीच गत झाली.

शिष्येने प्रोग्रॅम ओळीने वाचून काढला आणि तिला हसू फुटले.

"गुरुजी, चोर सापडला! लिहिणारा अगदीच अडाणी दिसतो. जागोजागी लिहून ठेवलंय, एकपासून तीस हजारांपर्यंत अंक मोज. मोजून करायचं काय? तर काही नाही!"

तिने त्या साऱ्या ओळी पुसून टाकल्या. मग तर पुठ्ठ्यांच्या चिंध्याच झाल्या.

"शाबास," गुरुजी म्हणाले. "आता पुसलंस ते सगळं परत लिही."

त्यानंतर त्यांनी एक विचित्रच गोष्ट केली. वीस वर्षे ते यंत्र चालवणाऱ्या नरसय्यांना बोलावून घेतले, डोळे मिटायला लावून यंत्राजवळ उभे केले आणि शिष्येला म्हणाले, "तुझं सोंग धीमं कर. नरसय्या मान डोलावतील तिथपर्यंत."

शिष्या उसळली. "अहो गुरुजी, शेठजींनी बाजारातला सर्वांत वेगवान संगणक आणलाय, आणि आपण त्याच्या गळ्यात लोढणं बांधायचं?"

"बांध."

तिने वेग उतरवला. यंत्र खडखडले.

"लई पळतंय," नरसय्या म्हणाले.

तिने आणखी उतरवला.

"अजून."

खटखट सुटी सुटी ऐकू येऊ लागली, तशी नरसय्यांची बोटे मांडीवर ठेका धरू लागली. "हां! हेच की हो आमचं यंत्र!"

पुठ्ठा अखंड बाहेर आला.

तेव्हा गुरुजी म्हणाले, "भोक पाडून सुई वर निघायला क्षणभर लागतो. त्याआधी पुठ्ठा सरकला की फाटलाच. त्या संगणकात एवढासा क्षण मोजणारं घड्याळ लिहिणाऱ्याच्या हाताशी नव्हतं, मग त्याने थांबावं कसं? मोजत राहून. जुन्या संगणकाचे तीस हजार मोजून होईपर्यंत सुई वर आलेली असायची. तुझ्या संगणकाने ते पापणी लवायच्या आत मोजले. तू जिला रिकामी मोजणी म्हणालीस ना, ते सुईची वाट पाहणं होतं."

"मग आकडाच वाढवला असता तर?"

"कुठला वाढवशील? अशा दोनशे मोजण्या आहेत. कोणती सुईसाठी, कोणती मोटरसाठी, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. त्याच्या संगणकाचं रूप घेतलंस, मग चालही घ्यायला नको का?"

शिष्येचे कान लाल झाले. पण तिला हसूही आले.

चार दिवसांत ताईंचा पहिला काठ मागावर वीतभर विणून झाला. व्यापाऱ्यांनी त्यावरून हात फिरवला आणि ते सर्वांदेखत खुशाल रडले. तिकडे शिष्या संगणकापुढे बसून पहिल्या मोजणीच्या वर एक ओळ लिहीत होती: "येथे सुई वर येण्याची वाट पाहिली जात आहे. कृपया पुसू नये."

आधीच्यांच्या कामात एखादी ओळ निरर्थक वाटली, तर ती तिथे कोणासाठी थांबली आहे, एवढे पुसण्याआधी विचारून पाहावे.