राक्षसाने तलवार ठेवली

दोष बाबल धुरींचा होता, आणि ते वयाने मोठे आहेत म्हणून तो झाकायचं काही कारण नाही. दशावतारी कंपनीचे मालक तेच आणि साठी उलटली तरी राजाही तेच. संतू परब कायमचा राक्षस. त्या दिवशी तोंडाला रंग लावताना संतूला फोन आला. कुडाळच्या दवाखान्यात त्याच्या आईची शुद्ध हरपत चालली होती.

"मालकानू, माका आत्ताच जावूक व्हया."

"आणि राक्षस कोण, माझो बापूस करतलो?" धुरी आरशातच बघत म्हणाले. "राक्षस मेल्याशिवाय राजाक मोठेपण कसा येतला? पयलो मर, मगे जा."

राक्षस मरायचा तो अगदी शेवटी. पण या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. समोरचा जे बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. पहिल्याच युद्धात संतूने तलवार राजाच्या पायाशी ठेवली.

"राजन, मी शरण आलोय. माझी माता मरणाच्या दारात आहे. शरण आलेल्याला मारणारे राजे तुम्ही, की आईकडे जाऊ देणारे?"

अख्खं गाव राजाकडे बघू लागलं. जन्मभर दयाळू राजा रंगवलेल्या धुरींना गावासमोर तलवार खाली करावीच लागली.

"जा राक्षसा," ते दात आवळून म्हणाले, "अभय दिलं."

टाळ्या राजालाच पडल्या.

संतू रंगल्या तोंडानेच मोटारसायकलवर दवाखान्यात पोचला, तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

राजाच्या दयेचं कौतुक गावात अजून चालतं. संतूची आई गेली, आणि धुरींनी त्याचं कामही काढून घेतलं.