उंबराखालचं मौन

एका जंगलात, नदीच्या वळणावर, एक म्हातारा उंबर होता. त्याच्या फांद्यांवर वानरांची टोळी राहत असे आणि खाली चितळांचा कळप चरत असे. वानरांच्या खाण्याला काही शिस्त नसते, हे तुम्हाला माहीतच आहे. अर्धं फळ तोंडात, अर्धं जमिनीवर. जे खाली पडे ते चितळं खात. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे. फक्त बिबट्या आला की ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचं, एवढाच काय तो रिवाज. वानरांना वरून लांबचं दिसे आणि चितळांना वास लवकर लागे. त्यामुळे दोघांचेही जीव वाचत. उंबराला दोघंही देव मानत, रोज सकाळी त्याच्यापुढे मान झुकवत, आणि त्यावरून भांडण झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

या सगळ्यात बिबट्याची मात्र उपासमार चालली होती, आणि त्याच्या उष्ट्यावर जगणाऱ्या कोल्ह्याची त्याहून जास्त. नेमका त्याच दिवसांत कोल्ह्याला दृष्टांत झाला. मुलांनो, उपाशीपोटी देव दिसू नये असं माझं म्हणणं नाही. पण दृष्टांत सांगणाऱ्याच्या बरगड्या वर आलेल्या असतील, तर ऐकणाऱ्याने जरा सावरून बसावं.

कोल्ह्याने उंबराला प्रदक्षिणा घातली आणि बुंध्यावरचा एक ओरखडा दाखवून तो रडायला लागला. चितळांच्या नरांना नवी शिंगं आली की ते ती झाडावर घासतात. पिढ्यान्‌पिढ्या घासत आले आहेत. त्या ओरखड्यातून पांढरा चीक गळत होता.

"हा चीक नाही," कोल्हा म्हणाला. "देवाच्या अंगातून दूध वाहतंय. आणि तुम्ही वर बसून खुशाल फळं खाताय."

वानरं हादरली. हुप्प्या, म्हणजे टोळीचा मुख्य नर, दात विचकून चितळांवर धावून जायलाच निघाला होता. पण कोल्ह्यानेच त्याला अडवलं. छे छे, मारामारी अजिबात नको, देवाला हिंसा खपत नाही, असं तो म्हणाला. देवाला फक्त मौन हवं आहे. रोज ऊन कललं की अंधार पडेपर्यंत एकाही वानराने तोंडातून आवाज काढायचा नाही, मग देवाची जखम आपोआप भरेल. व्रत सगळ्यांना फार आवडलं. नुसतं बसून राहायचं, आणि शिवाय खालच्या चितळांपेक्षा आपण पवित्र आहोत असं वाटून घ्यायचं. कुणाला नको असतं?

टोळीत एक म्हातारी वानरी होती. तिला जिथे तिथे काळंबेरं दिसतं, अशी तिची ख्याती होती. तिने हुप्प्याला बाजूला घेतलं. आपण फळ तोडतो तेव्हाही देठातून हाच चीक येतो, मग तेव्हा देवाला दुखत नाही का, असं तिने विचारलं. आणि अख्खा दिवस मोकळा असताना बिबट्या बाहेर पडतो नेमकी तीच वेळ देवाला कशी काय हवी झाली? हुप्प्या म्हणाला, आजी, देवाच्या कामात शंका काढू नये.

त्याच संध्याकाळी बिबट्या गवतातून सरपटत आला. वारा उलटा होता, चितळांना वास लागला नाही. वरून मात्र साऱ्या टोळीला तो अगदी शेपटीच्या टोकापर्यंत दिसत होता. वानरीने आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांनी डोळे मिटून घेतलेले. तिचीही छाती झाली नाही. खाली एक तरणा नर मेला. अंधार पडल्यावर हुप्प्या म्हणाला की शिंगं घासणाऱ्याला देवाने बरोबर धडा शिकवला. दुसऱ्या दिवशी कोल्हा दर्शनाला आला तो ढेकर देतच.

पुढच्या खेपेला एक मादी मेली.

"हिला तर शिंगंच नव्हती," वानरी म्हणाली.

"शिंगवाल्यांच्याच कळपातली ना?" हुप्प्या म्हणाला. "आणि आपण कुठे कुणाला बोट लावलं?"

त्या कळपात वानरीची एक मैत्रीण होती. लहान असल्यापासून तिच्या कानातल्या गोचड्या वानरीनेच काढल्या होत्या. त्या हरिणीला नुकतंच पाडस झालं होतं, अजून पाय लटपटत होते त्याचे. एका संध्याकाळी माय-लेकरू उंबराखाली उभं असताना बिबट्या पुन्हा आला. पाडसाला पळता येणार नव्हतं, वेळेवर कळलं तर आईला त्याला झुडपात ढकलता आलं असतं, एवढंच. वानरीला वाटलं, देव खरंच या झाडात असेल तर त्यालाही हे बघवत नसेल. तिने छाती फुटेस्तोवर इशारा दिला. कळप उधळला, पाडस झुडपात गेलं आणि बिबट्या रिकाम्या तोंडाने परतला.

मग टोळी वानरीवर तुटून पडली. सूर्य अजून मावळला नव्हता, म्हणून त्यांनी तिला मारलं ते तोंडातून हूं की चूं न करता. चावे घेतले, ओरबाडलं, पण मौन कुणी मोडलं नाही. काल-परवापर्यंत तिच्या मांडीवर झोपणारी पोरं एका बाजूला बसून हे बघत होती. शेवटी त्यांनी तिला फांदीवरून खाली ढकललं. मला या वानरांची चीड येते ती इथे. कोल्ह्याने निदान स्वतःचं पोट तरी भरलं, यांना काय मिळालं?

रात्री हरिणीने तिला पाठीवर घेतलं आणि सगळा कळप नदीपलीकडे निघून गेला. कोल्ह्याने वानरांना सांगितलं की पापी गेले, आता व्रत आणखी कडक पाळा.

खाली हरणं उरली नाहीत, तेव्हा बिबट्याने मान वर केली. त्याला झाडावर चढता येतं हे वानरांना काय ठाऊक नव्हतं? पण वास घेऊन सांगणारं खाली आता कुणी नव्हतं. तो बुंध्यावर चढू लागला तेव्हा ऊन कललं होतं आणि मंडळी डोळे मिटून बसली होती. हुप्प्याच्या धाकट्या लेकीचे डोळे तेवढे किलकिले होते. बिबट्या फांदीवर आलेला तिने पाहिला, ओरडायला तोंडही उघडलं. पण म्हातारीचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बिबट्याने तिला उचललं तेव्हाही तिच्या तोंडून आवाज निघाला नाही.

अंधार पडला, व्रताची वेळ संपली, आणि हुप्प्या आपल्या लेकीला हाका मारू लागला.

तात्पर्य : देवासाठी गप्प राहा असं कुणी सांगितलं, तर त्या गप्प राहण्यावर कुणाचं पोट भरतंय ते आधी पाहावं. डोळ्यांदेखत जीव जात असताना पाळलेलं मौन म्हणजे हत्येतला आपला वाटा.