तडकलेल्या घंटांचा हिशेब

खाडीकाठच्या एका गावात एक दिवाणजी होते. हिशेबाला इतके काटेकोर, की दौतीत माशी पडली तर तिच्या पायांना लागलेली शाईसुद्धा खर्ची टाकत. ते वही लिहीत एका ओताऱ्याची. ओतारी घंटा ओतायचा, आणि नफ्यात वाटा मिळावा म्हणून गावातल्या बऱ्याच जणांनी त्याच्याकडे पैसे गुंतवले होते.

त्या खाडीवर धुकं असं दाट पडायचं, की स्वतःच्या नाकावर बसलेला डास दिसायचा नाही. होड्या वाट चुकून खडकावर जायच्या. म्हणून ओताऱ्यानं ठरवलं, पार पैलतीरापर्यंत ऐकू जाईल अशी घंटा ओतायची. तीन वर्षांत सतरा ओतल्या. सतराच्या सतरा तडकल्या.

दर तीन वर्षांनी पैसे गुंतवणाऱ्यांपुढे वही वाचायची असे. आदल्या दिवशी ओतारी हात जोडून म्हणाला, "दिवाणजी, एवढा तोटा ऐकला तर लोक पैसे काढून घेतील. भट्टी विझेल हो. या सतरा घंटा शिल्लक मालात दाखवा ना!"

"तडकलेली घंटा, आणि शिल्लक? उद्या फुटका माठही नवा म्हणून लिहायला सांगशील!"

"मग तीन वर्षं मी काय गवत उपटत होतो?"

दिवाणजींनी वही मिटली. खोटं लिहिणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. पण नुसता तोटा लिहिला, तर हा माणूस काय शिकला ते वहीत दिसणार कुठे? ते उठून घंटांच्या ढिगाऱ्याशी गेले.

"ही का तडकली?"

"कथील जास्त झालं."

"ही?"

"गार करायची घाई केली."

"आणि ही सतरावी?"

"चाळीस टोल टिकली. मग काठाला चीर गेली."

दिवाणजींनी तोटा पै न् पै लिहिला आणि खाली एक पान जोडलं. कोणती घंटा का तडकली, किती टोल टिकली, पुढच्या वेळी काय बदललं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वाचायला घेतलं. तोट्याचा आकडा ऐकताच अर्धे लोक उठले आणि पैसे मागून घेऊन गेले. बाकीच्यांनी पान ऐकलं. एका म्हातारीनं विचारलं, "म्हणजे अठरावी टिकेल का रे बाबा?"

"ते मला ठाऊक नाही, आजी. टिकेलच म्हटलं तर मी खोटा. पण पहिली एका टोलात गेली होती, हे खरं," दिवाणजी म्हणाले.

म्हातारी बसून राहिली. तिच्याबरोबर बाकीचेही.

अठरावीही तडकली. दिवाणजींनी तेही लिहिलं आणि वाचून दाखवलं. कोणी उठलं नाही.

एकोणिसावी टिकली, आणि पार पैलतीरापर्यंत वाजली. बंदराबंदरांतून तशा घंटांना मागणी आली आणि बसून राहिलेल्यांना त्यांचा वाटा मिळाला. पुढच्या धुक्यात ती घंटा सकाळभर वाजत होती. आवाजाच्या रोखानं चौदा होड्या एकामागून एक धक्क्याला लागल्या. धक्क्यावर पैसे काढून नेलेलेही उभे होते. त्यांचीही माणसं त्याच होड्यांत होती.

तात्पर्य एवढंच: नव्याच्या शोधात झालेला खर्च लपवू नये, आणि नुसता आकडा सांगून थांबूही नये. त्या खर्चातून काय कळलं हेही सांगावं, तरच पैसे लावणाऱ्याला डोळसपणे ठरवता येतं.