बेहड्याच्या ढोलीतली धनेशीण

फार पूर्वी चंपकवती नगरीत राजा सुयाम राज्य करीत असताना बोधिसत्त्व दक्षिणेच्या अरण्यात महाधनेश पक्ष्याच्या जन्माला आले होते. मोठी वाकडी पिवळी चोच, काळेपांढरे पंख, आणि उडू लागले की अर्ध्या रानाला ऐकू जाईल असा त्या पंखांचा आवाज.

त्याच अरण्यात सुतारांची एक वस्ती होती. ती राजाच्या आजोबांनी वसवली होती. अट एकच होती: राजवाड्याला लागेल तेव्हा लाकूड द्यावे, आणि पुढच्या पिढ्यांनाही देता येईल असे रान राखावे. वस्तीचा मुख्य होता तिंदुक. तो कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोका मारी, कान लावी, आणि झाड भरीव की पोकळ ते सांगे. भरीव झाड राजासाठी राखायचे. पोकळ झाड आतून मेलेले समजून सरपणाला तोडायचे. ही रीत त्याच्या बापापासून चालत आली होती. चाळीस वर्षांत आपला कान एकदाही चुकला नाही, असे तिंदुक कोणी न विचारताही सांगत असे.

एका चैत्रात अमात्य सोमिल रान पाहायला आले. सुगंधी राळ देणारे धूपाचे उंच, सरळ वृक्ष पाहून ते प्रसन्न झाले. मग खाली वाकून बराच वेळ जमीन पाहत राहिले.

"तिंदुका," ते म्हणाले, "इथे आजोबा पुष्कळ दिसतात. नातवंडे कुठे आहेत?"

धूपाचे एकही रोप कुठे दिसत नव्हते. अमात्य कठोर नव्हते, पण राजाशी खोटे बोलणारेही नव्हते. वैशाखी पौर्णिमेला आपण पुन्हा येऊ, तोवर धूपाची कोवळी झाडे दाखवता आली नाहीत तर हे रान संपत आले असे राजाला सांगावे लागेल, असे ते म्हणाले. मग जमीन नांगराखाली जाईल आणि वस्तीला उठावे लागेल.

दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती रोपे शोधायला लागली. प्रत्येक मोठ्या धूपाखाली फळांचा सडा होता. पण बियांना किडीने भोके पाडली होती, आणि चुकून रुजलेले कोंब आईच्या सावलीत पिवळे पडून मरत होते. तिंदुकाचा भाचा कुरंग म्हणाला, मामा, इथे उजेडच नाही, रोपे जगतील कशी? तिंदुकाला ते पटले. मेलेली पोकळ झाडे फुकट उजेड अडवतात, असे त्याने ठरवले. मागच्या काही वर्षांत अशी सात झाडे तोडून झाली होती. आता ओढ्याकाठचा जुना बेहडा तेवढा उरला होता.

सहा जण कुऱ्हाडी घेऊन बेहड्याशी आले. तिंदुकाने रीतीप्रमाणे ठोका मारला. "पोकळ," तो म्हणाला. रीत दोनदा ठोकायची होती, म्हणून त्याने पुन्हा मारला. तेव्हा आतून कोणीतरी उलट ठोका दिला.

माणसे चपापून मागे सरली. तिंदुकाने खोडाला कान लावला. इतक्यात वरून पंखांचा मोठा घोष आला आणि महाधनेश ढोलीपाशी उतरला. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते; पिल्लू वाढेपर्यंत धनेशीण असेच स्वतःला आत कोंडून घेते. मध्ये चोच जाईल एवढीच फट होती. कुरंगाने धनुष्य उचलले. धनेशाच्या चरबीने सांधे मोकळे होतात असा त्या मुलखात समज होता. तिंदुकाने त्याचा हात धरला. त्याला दया आली म्हणून नव्हे. त्याला ऐकायचे होते.

आतून धनेशीण म्हणत होती, "आज पुन्हा उंबरच?"

"धूपांखाली दिवसभर माणसे असतात. उंबरे पिकलेली आहेत," बोधिसत्त्व म्हणाले.

"कालही पिकलेलीच होती." मग तिचा आवाज खाली आला. "अहो, खाली कुऱ्हाडी आहेत. मला सगळे ऐकू येते. मी पिसे टाकली आहेत, पिल्लाला अजून पिसे आलेली नाहीत. आम्हाला उडता येणार नाही. तुम्ही तरी जा."

"मी गेलो तर तुम्हाला उंबरसुद्धा कोण आणील?"

ती म्हणाली, "मग एक करा. कोवळे धूप कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना सांगू नका. पौर्णिमेला ही माणसे घर सोडून जातील. आपली सात घरे यांनीच पाडली. एकदा त्यांनाही कळू दे."

तिंदुकाने तोडलेली झाडे बोटांवर मोजली. सात हा आकडा त्याने दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "अगं, घर उठणे म्हणजे काय ते आपल्याला सात वेळा कळले आहे. म्हणूनच ते मी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाऊ देणार नाही."

एवढे बोलून त्यांनी उरलेली उंबरे एकेक करून फटीतून आत दिली. काम पुरे झाल्यावर ते खालच्या फांदीवर, कुरंगाच्या बाणाच्या टप्प्यात, येऊन बसले. त्यांनी तिंदुकाला मागून येण्यास सांगितले आणि ते झाडाझाडांवरून सावकाश उडत चालले.

ते जिथे थांबले तिथे एक जुना बुंधा होता. माणसांनीच तोडलेल्या पहिल्या पोकळ झाडाचा. त्याच्याभोवती, गवतात, गुडघाभर उंचीचे धूप उभे होते. काही रोपे ओंडके ओढताना चिरडली होती, काही फांद्या जाळताना होरपळली होती. तरीही हिरवी रोपे पन्नासावर भरली. दुसऱ्या बुंध्याशी तसेच. तिसऱ्याशीही. सगळ्या वस्तीने महिनाभर रान पालथे घातले होते, पण तोडलेल्या झाडाकडे परत जाऊन पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

"धूपाची बी मोठी असते," बोधिसत्त्व म्हणाले. "लहान पाखरांना ती गिळवत नाही. आम्ही गर खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. ढोलीपाशी पुष्कळ बिया पडतात, एरवी रानभर. आईच्या पायाशी पडलेली बी तिच्याच सावलीत मरते. आम्हाला ढोली तुझ्या म्हाताऱ्या झाडांनी दिली. त्या झाडांचे ऋण आम्ही असे फेडतो."

तिंदुक बुंध्यापाशी खाली बसला. कान चुकला नव्हता, झाड पोकळच होते. पोकळ म्हणजे रिकामे, हे मात्र त्याने कधी तपासले नव्हते. त्याने हात जोडले. कुरंगाने धनुष्याची दोरी उतरवली आणि वाकून, चिरडलेले एक रोप काठीच्या आधाराने उभे केले.

पौर्णिमेला अमात्य आले. रोपे पाहून त्यांनी विचारले, ही कोणी लावली? तिंदुकाला स्वतःचा मान राखायचा असता तर 'आम्ही' एवढे म्हणून भागले असते. तो म्हणाला, "आम्ही नाही, स्वामी. धनेशांनी लावली. त्यांची घरे मी तोडत आलो. मुख्य म्हणून राहायला मी लायक नाही. वस्तीला मात्र राहू द्या."

अमात्यांनी वस्ती राहू दिली आणि तिंदुकालाही. चूक कळलेला माणूस या रानाला दुसरा कुठून आणू, असे ते म्हणाले. त्या दिवसापासून पोकळ वाजणाऱ्या झाडावर गेरूचा पट्टा ओढायची रीत पडली. पट्ट्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.

ज्येष्ठ लागताना पिल्लू मोठे झाले. धनेशिणीने आतून, बोधिसत्त्वांनी बाहेरून चिखल फोडला. ती बाहेर आली ती नव्या पिसांनी. खाली सगळी वस्ती उभी होती. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "आता मला धूपाच्या फळांकडे घेऊन चला." वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता काहींचे डोळे भरून आले.

ही कथा जेतवनात सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा तिंदुक म्हणजे आजचा आनंद. अमात्य सोमिल म्हणजे सारिपुत्त. धनेशीण होती राहुलमाता, तिचे पिल्लू राहुल, आणि तो महाधनेश मीच होतो. ज्याच्या आधाराने आपण जगतो त्याला ओळखावे, आणि ओळखल्यावर त्याचे रक्षण करावे. यालाच कृतज्ञता म्हणतात."