मॅटाडोरमधलं घर

एका माळावर एक जुनी मॅटाडोर गाडी उभी होती. तिच्यात हिरामण कासार आणि त्याची बायको सुंदराबाई राहत होती. तीस वर्षं दोघांनी त्याच गाडीतून आठवडे बाजार केले, गावोगाव बांगड्या विकल्या. मग एके दिवशी इंजिनानं मान टाकली. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढं वयही उरलं नव्हतं. गावाबाहेर त्यांची दहा गुंठे खडकाळ जमीन होती. बैल जुंपून गाडी तिथवर ओढली, चाकं काढली, खाली दगड रचले. झालं घर.

आसपासच्या बायका बांगड्या भरायला माळावर यायच्या. तेवढ्यावर दोघांचं भागायचं. शिल्लक कधी पडली नाही, पण उपाशीही कुणी झोपलं नाही. वाटेनं जाणारे चेष्टा करायचे, "काय कासार, आज गाडी कुठल्या बाजाराला?" हिरामण म्हणायचा, "पोचली की कवाच."

कासारांची एक जुनी रीत आहे. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासाराचं. सगळेच ती पाळतात असं नाही, पण हिरामण पाळायचा. एकदा पाटलीणबाईंचा हात आखडलेला होता. भरता भरता नऊ बांगड्या फुटल्या. हिरामणनं हातात राहिल्या तेवढ्यांचेच पैसे घेतले, आणि वर पाटलीणबाईंच्या मनगटाला तेल चोळून दिलं. माणूस सचोटीचा, असं गाव म्हणायचं. पण नऊ बांगड्यांवर पाणी सोडणं वेगळं, आणि चार भिंतींवर सोडणं वेगळं.

या चार भिंतींची ओढ सुंदराबाईला होती. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दोघं दुपार बाहेर शेवग्याच्या सावलीत काढत. पावसात दोन ठिकाणी गळायचं. साठी उलटली तशी ती म्हणू लागली, की आयुष्य चाकांवर गेलं, आता मरताना तरी पाठीला पक्की भिंत असावी. हिरामण ऐकून घ्यायचा.

त्या वर्षी गावाला सरकारी घरकुलं आली. वाटता वाटता एकच उरलं. ते बेघराला द्यायचं होतं, आणि तालुक्याचे साहेब स्वतः येऊन पाहणी करून फोटो काढणार होते. सरपंच विश्वंभरराव हिरामणला मानायचे. त्यांनी आदल्या दिवशी माळावर येऊन सांगितलं, की घरकुल तुमच्याच नावावर टाकतो. गाडी तेवढी रिकामी करून ठेवा, आत नुसतं एक फाटकं पोतं पसरा. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, आम्ही उघड्यावर राहतो, रात्रीपुरता या भंगाराचा आडोसा घेतो. हिरामणनं विचारलं, दुसरं कुणी नाही का? सरपंच म्हणाले, ठकूबाई आहे, पण तिचं पुढच्या खेपेला बघू.

ही ठकूबाई विधवा होती. मागच्या पावसाळ्यात तिची भिंत पडली, तेव्हापासून दोन लेकींना घेऊन ती पडक्या जागेवर ताडपत्री ताणून राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायकोनं गाडी रिकामी करायला घेतली. गाद्या काढल्या. शेगडी काढली. पिठाचा डबा, डाळीचा डबा, तांदळाची गोणी. पितळी समई, देव, आरसा, दोन ट्रंका, लोणच्याची बरणी, पडदे. सगळं शेवग्याखाली ठेवत गेली. बाजारात बसणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. माल मांडल्याशिवाय आपल्याजवळ किती आहे ते कळत नाही. निम्मी गाडी रिकामी झाली तोच झाडाखाली जागा पुरेना.

सुंदराबाई त्या ढिगाकडं बघत उभी राहिली. हातात तुपाची बुधली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, ज्याच्यापाशी काही नसतं, त्याला एवढं लपवावं लागतं का?"

हिरामण म्हणाला, "तू म्हणशील तसं करू. भिंत तुला हवी होती."

"हवी तर आहे," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. मग तिनं बुधली पुन्हा गाडीत नेऊन जागच्या जागी ठेवली. तिच्यामागून हिरामणनं गाद्या उचलल्या.

दुपारी सरपंचांबरोबर साहेब आले, तेव्हा शेगडीवर चहा उकळत होता. सरपंचांचा चेहरा उतरला. साहेबांनी कागद काढून विचारलं, "घर कुठं आहे तुमचं?"

हिरामण म्हणाला, "तुम्ही दारातच उभे आहात, साहेब. आत या."

सरपंच तोंडातल्या तोंडात म्हणाले, "काका, मोटारीला कुणी घर म्हणतं का?"

"मी म्हणतो. साहेबांना ताडपत्रीचा फोटो पाहिजे असला तर ठकूबाईकडं चला, वाट मी दाखवतो."

साहेबांनी चहा घेतला आणि हिरामण पुढं चालू लागला.

घरकुल ठकूबाईला मिळालं. पुढची खेप काही आली नाही, आणि मॅटाडोर गळायची ती गळतच राहिली. ठकूबाईच्या वास्तुशांतीला सुंदराबाई तिच्या दोन्ही लेकींना बांगड्या भरायला गेली होती. सरपंचांनी तिला एकीकडं गाठून विचारलं, "काकू, आता वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," सुंदराबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पाऊस आला की रोज वाटतं. पण ठकूबाईच्या दारात मान वर करून आले ना."

आणि तिनं धाकटीचा हात पुढं ओढून घेतला.

तात्पर्य: एखादी गोष्ट हवी असणं वेगळं आणि तिच्यावाचून उघड्यावर पडणं वेगळं. हा फरक ज्याला कळला, तो थोड्यातही ताठ उभा राहतो; ज्यानं तो पुसला, त्याचा हात नकळत आपल्याहून गरिबाच्या ताटात जातो.