करवंटी रिकामी जात नाही

एकदा काय झालं, कोकणात एक तानूबाई होती. डफ वाजवायची. असा वाजवायची की ऐकणाऱ्याच्या पायातली चप्पल आधी नाचायची आणि माणूस मागून. खोटं नाही, बरं का. थोडंसंच आहे.

तानूबाईला एक लेक होती, चिमी, तीन वर्षांची. डफाचा हलका ठेका कानावर पडल्याशिवाय तिला झोपच लागायची नाही. एके दिवशी तानूबाईला खाडीपलीकडून हळदीचं बोलावणं आलं. तिने चिमीला शेजारच्या पारूकाकूकडे ठेवलं, म्हणाली, "संध्याकाळी येते." आणि होडीत बसली.

मग आलं वादळ. होडी फुटली. तानूबाईने डफ पोटाशी धरला आणि तरंगत राहिली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी तिच्या पाठीला वाळू लागली.

ते होतं एक बेट. तिथे सिलू नावाची म्हातारी होती. तिने तानूबाईला उठवलं, चुलीशी बसवलं आणि करवंटीत कंदांची गरम पेज दिली. दोघींना एकमेकींची भाषा कशी कळली ते विचारू नका. भुकेल्याला सगळ्या भाषा कळतात.

किनाऱ्यावर एक कासवीण निघायच्या तयारीत होती. ही एवढी, आपल्या पडवीएवढी. दर वर्षी अंडी घालायला कोकणच्या वाळूत जायची. ती म्हणाली, "बस पाठीवर, सोडते तुला. पण पुनवेपर्यंत निघायलाच हवं. अंडी काही थांबत नाहीत."

पुनव चार दिवसांवर होती. तानूबाई बसली, तशी कासवीण गळ्यापर्यंत बुडाली.

"अगं, तू एवढी जड कशी?" कासवीण म्हणाली. "कुणाचं काय राहिलंय तुझ्याकडे?"

तानूबाईने हातात पाहिलं. करवंटी. सिलूम्हातारीची. पेज पिऊन घासूनपुसून ठेवलेली, पण रिकामी. आणि आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का? नाही करत. चिमूटभर साखर तरी घालतात. मग जीव वाचवणाऱ्या पेजेची करवंटी रिकामी कशी द्यायची? तेच ओझं होतं.

मग तानूबाई बेटभर हिंडली.

पहिल्या दिवशी तिला सात रंगांची टेकडी दिसली. तांबडी, पिवळी, जांभळी, सगळी माती एका टेकडीत. तिने करवंटी भरून घेतली. पण सिलूच्या दारात पोचेपर्यंत माती करवंटीतून उतरली, रंगारंगाने रांगा लावल्या, आणि मुंग्यांसारखी चालत टेकडीवर परत गेली. आपापल्या जागी.

दुसऱ्या दिवशी तिला समुद्राच्या पोटात धबधबा दिसला. वर पाणी शांत, आणि खाली पाण्यातच पाणी कोसळतंय. तिने बुडी मारली आणि करवंटी भरली. तर पाणी करवंटीतही कोसळतच राहिलं, खाली खाली खाली. करवंटी काही भरेना.

तिसऱ्या दिवशी तिला साठ वर्षांतून एकदा फुलणारा माड दिसला. त्याने वाकून एक तुरा दिला. तानूबाई धावतच गेली. सिलूम्हातारी तुरा हुंगून हसली.

"हा माड मीच लावलाय, पोरी. माझंच मला देतेस?"

तेव्हा तानूबाईला कळलं. बेटावरचं सगळं बेटाचंच. मग आपलं काय?

चौथ्या दिवशी पुनव. आज गेलं नाही तर वर्षभर नाही. तानूबाई चुलीशी बसली आणि रडू लागली. "माझी चिमी आठवडाभर झोपली नसेल हो, आजी."

सिलूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "हे गोल काय टांगलंयस?"

"माझा डफ. पण भिजून मेला. वाजत नाही."

"तूही भिजूनच आली होतीस. तुला आधी चुलीशी बसवलं, तेव्हा कुठे तू बोललीस."

तानूबाईने कपाळावर हात मारला. जन्मभर तिने शेकूनच डफ वाजवला होता, आणि दुःखात नेमकं तेच विसरली. तिने नारळाच्या झावळ्या पेटवल्या, डफ आचेवर धरला. कातडं वाळलं, ताणलं. तिने बोट टेकवलं. डफ हुंकारला.

मग तिने चिमीचा ठेका धरला. सगळं बेट घराबाहेर आलं. असं काही त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते नाचू लागले, पण पाय वाळूवरून न उचलता, नुसते सरकवत. पाय उचलला तर खालचा ठेका निसटेल, अशी भीती वाटली त्यांना.

ठेका थांबला. सिलूने रिकामी करवंटी उचलली, कानाला लावली. आत घुमत होतं. धुम, धुम, धुम.

"भरली," ती म्हणाली.

मग तानूबाई कासविणीच्या पाठीवर बसली. आणि कासवीण तरंगली, भोपळ्यासारखी.

घरी चिमी पारूकाकूच्या मांडीवर टक्क जागी होती. तेवढ्यात समुद्रावरून ठेका आला. चिमीने अंगठा तोंडात घातला. तानूबाई दारात पोचली, तोवर पोर गाढ झोपली होती. तानूबाई तिच्याकडे बघत बसली, आणि मग लेक सांभाळली म्हणून पारूकाकूची वाटी गुळाने भरली.

त्या बेटावर मग लोकांनीही डफ बनवले. अजून वाजवायच्या आधी ते शेकतात म्हणे, आणि पाय न उचलता नाचतात. तेही सुखात, हीही सुखात.

आणि तुम्ही इतका वेळ ऐकलंत, म्हणजे माझीही वाटी रिकामी नाही गेली. आता पाय पांघरुणात घ्या. धुम, धुम, धुम. झोपा.